बॅटरी धरणारीचं पत्र

ती. मामास,


आधी सांगायचं ते सांगून टाकते, म्हणजे तू माळा उपसत बसणार नाहीस. तुझं मोटवानेचं सुईवालं मल्टिमीटर माझ्याकडे आहे. मामीने दिलं. तिने तुला विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. चोरी म्हणायची तर म्हण. पण मागे मनमाडला आले होते तेव्हा तूच म्हणालास ना, की आता त्या भंगाराला कोण विचारतंय? मग भंगार नेलं तर एवढं काय?

आता त्या भंगाराने काय केलं ते ऐक. आणि ऐकताना मधेच निकाल द्यायचा नाही.

आमचा मायक्रोवेव्ह बिघडला. कन्व्हेक्शनवाला आहे, तू पाहिलायस. मामी त्याला ‘दूध तापवायचा टीव्ही’ म्हणते. लेकीने नानकटाईसाठी कन्व्हेक्शन लावलं की तो नीट तापायला लागायचा, मागचा पंखा फिरायचा आणि दहा-पंधरा मिनिटांत टीं टीं करून पडद्यावर एक कोड दाखवून सगळं बंद करायचा. गार झाला की परत शहाणा. दूध मात्र तापत होतं, पापड भाजले जात होते. सर्व्हिसचा माणूस आला. त्याने झाकण उघडलं नाही. कोड वाचला, मोबाइलमध्ये काहीतरी पाहिलं आणि म्हणाला, “मॅडम, पीसीबी गेला. बोर्डच बदलावा लागेल.” आकडा असा सांगितला की घरात सगळ्यांनी नव्या ओव्हनची भाषा सुरू केली. मी विचारलं, “काही मोजलंत का?”

तो हसला.

ते हसू मी ओळखते, मामा. तू तसाच हसायचास. मी दुकानात काही विचारलं की तू मान वर न करता हसायचास आणि म्हणायचास, “तुला काय करायचंय? तू बॅटरी धर.”

मी धरली. मे महिन्याची सुट्टी लागली की आम्ही तिघं तुझ्या स्टेशनजवळच्या टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानात असायचो. दोघा भावांच्या हातात तू आधी स्क्रूड्रायव्हर दिलास, मग पक्कड, मग सोल्डरिंगची इस्त्री. माझ्या हातात बॅटरी. एव्हरेडीची, पितळी, दोन सेलची. पंचवटी एक्स्प्रेसने लॅमिंग्टन रोडला माल आणायला जायचास तेव्हा एकदा थोरल्याला न्यायचास, एकदा धाकट्याला. मी तुला किती वेळा विचारलं असेल? तू म्हणायचास, तिथे फार गर्दी असते. गर्दी मुलांना लागत नव्हती का रे?

पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसावी. बॅटरी धरणाऱ्याला डुलकी घेता येत नाही. इस्त्री धरलेला थोरला खिडकीतून प्लॅटफॉर्मकडे बघत बसायचा, कारण त्याची पाळी येईपर्यंत त्याला काम नसायचं. मला मात्र तुझं बोट जाईल तिथे उजेड न्यावा लागायचा. बोट पोचल्यावर उजेड पोचला तर तू ओरडायचास. म्हणून मग मी आधीच ओळखायला शिकले, की आता हा फ्यूज बघणार, मग ट्रान्सफॉर्मर, मग तो फुगलेला कंडेन्सर. असं असताना इस्त्री कुणाच्या हातात आहे याने काय फरक पडतो?

ओव्हनलाही मी तुझ्या पद्धतीनेच सुरुवात केली. काय चालतंय ते आधी मोजायचं, काय बिघडलंय ते नंतर. दूध तापतंय म्हणजे मॅग्नेट्रॉन चांगला, हाय व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर चांगला, दाराचे स्विच चांगले. कन्व्हेक्शनचा हीटर तापतोय, पंखा फिरतोय. बोर्डाची बटणं, घड्याळ, रिले सगळं जागेवर. बोर्ड गेला असता तर तो इतकी कामं बिनबोभाट करून नेमका तापल्यावरच का अडला असता? उरलं काय? भट्टी किती तापली ते बोर्डाला सांगणारा सेन्सर.

१९८७ साल आठवतंय? ‘रामायण’ सुरू झालं आणि शनिवारी रात्री दुकानात टीव्हींची रांग लागायला लागली. रविवारी सकाळी तू कुणाच्या तरी गच्चीवर चढून अँटेना फिरवायचास आणि खाली टीव्हीसमोर मला बसवायचास. “आलं का?” “नाही!” “आता?” “मुंग्या आहेत!” “आता?” “आलं, आलं... गेलं!” बोर्डाचं काम तसंच आहे, मामा. तो गच्चीवर आहे. आत भट्टीत काय चाललंय हे त्याला दिसत नाही. खालून येणाऱ्या हाकेवर तो हीटर चालू-बंद करतो. आता खालून हाक यायचीच बंद झाली तर गच्चीवरच्या माणसाने काय करावं? शहाणा असेल तर हात थांबवावा. आमच्या बोर्डाने तेच केलं आणि त्यालाच दोषी ठरवून बदलायला निघाले.

कंपनीत दिवसभर माझा संबंध पीटी-१०० या तापमानाच्या सेन्सरशी येतो. सातपूरच्या भट्ट्यांमध्ये तोच. शून्य अंशाला शंभर ओहम, शंभर अंशाला साडेअडतीस ओहम जास्त. तापला की रोध वाढतो, सरळ स्वभावाचा. ओव्हनमधला सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, तो उलट्या काळजाचा. तापला की त्याचा रोध उतरतो, आणि उतरतो तोही असा की बघत राहावं. पंचवीस अंशाला एक लाख ओहम असेल तर पाणी उकळायच्या तापमानाला सात हजारांच्या आसपास येतो आणि भट्टी दोनशेवर गेली की हजाराच्याही खाली. बोर्ड त्याच्याशी एक ठरावीक रेझिस्टर जोडून पाच व्होल्टची वाटणी करतो आणि मधल्या टोकावर किती व्होल्ट आले त्यावरून अंश काढतो. सेन्सर शॉर्ट झाला तर बोर्डाला वाटतं भट्टी पेटली. ओपन झाला तर वाटतं बर्फ पडला. तापत्या भट्टीत एका क्षणात बर्फ पडत नसतो, एवढं त्याला शिकवलेलं असतं. म्हणून तो कोड.

हा उलटा स्वभाव पहिल्यांदा कुणाला दिसला, माहीत आहे? मायकेल फॅरडेला. तुझ्या दुकानात भिंतीवर बोस आणि रामन होते, याला जागा नव्हती, म्हणून सांगते. लंडनमधल्या एका पुस्तकबांधणीवाल्याकडे उमेदवारी करणारा पोरगा. १८१२ मध्ये त्याला रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकायला मिळाली. याने मन लावून टिपणं काढली, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हीला पाठवून दिली. पुढच्या वर्षी डेव्हीने त्याला मदतनीस म्हणून ठेवून घेतलं. मदतनीस म्हणजे बाटल्या धरायच्या, भांडी धुवायची. युरोपच्या दौऱ्यावर तर डेव्हीच्या खासगी नोकराचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं. त्याच फॅरडेने १८३३ मध्ये टिपून ठेवलं, की सिल्व्हर सल्फाइड तापवलं तर धातूंसारखा त्यातला वीजप्रवाह कमी होत नाही, उलट वाढतो. त्या टिपणाचा व्यवहारात उपयोग व्हायला जवळजवळ शंभर वर्षं जावी लागली. बाटल्या धरणाऱ्यांकडे लक्ष ठेवावं, मामा. एवढंच म्हणायचं होतं.

आता ओव्हन उघडला त्याबद्दल. तू चिडणार हे मला माहीत होतं, म्हणून तुझे सगळे नियम पाळले. टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली वीस-पंचवीस हजार व्होल्ट असायचे. तू लांब स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून चॅसिसला टेकवायचास, चट्ट आवाज यायचा, मगच हात घालायचास. तोही एकच हात. दुसरा पाठीमागे. “दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो,” हे तू मुलांना सांगत होतास. ऐकत मीही होते. मायक्रोवेव्हमध्ये आकडा लहान, चार हजारांच्या घरात, पण प्रकरण टीव्हीपेक्षा वाईट आहे. तिथे करंट जेमतेम. इथे मागे तीन-चार किलोचा ट्रान्सफॉर्मर बसलेला असतो, माणूस मारण्याइतका करंट सहज देणारा. शिवाय प्लग काढला तरी कंडेन्सर भरलेला राहू शकतो. चार्ज उतरवायला त्याच्या पोटात एक रेझिस्टर असतो खरा, पण तोच तुटलेला असला तर? म्हणून प्लग काढून हातात घेतला, वाट पाहिली, कंडेन्सर इन्सुलेटेड हत्याराने उतरवला, शून्य झाल्याची खात्री केली आणि मगच सेन्सरच्या वायरींकडे वळले. हे पत्र तुझ्याखेरीज आणखी कुणी वाचत असेल आणि त्याने हे काम कधी केलेलं नसेल, तर त्याने झाकणाच्या स्क्रूला हात लावू नये. बाकी सगळं वाचावं.

सेन्सर भट्टीच्या भिंतीत एका स्क्रूवर बसलेला होता. स्टीलचं बोटाच्या पेरापेक्षा लहान टोक, त्यातून दोन वायरी, शेवटी प्लग. प्लग बोर्डातून काढला आणि माझं डिजिटल मीटर लावलं. पंच्याऐंशी हजार ओहम. मार्च महिन्यातल्या नाशिकच्या दुपारी जितका यायला हवा तितकाच. म्हणजे सेन्सर चांगला? सर्व्हिसच्या माणसाने मोजलं असतं तर इथेच थांबला असता आणि परत बोर्डावर आला असता. पण कोड गार असताना येतच नव्हता. जो आजार तापल्यावर होतो त्याची नाडी गार असताना बघून काय उपयोग? तूच सांगायचास ना, की ड्राय सोल्डर पकडायचं तर सेट गरम होऊ द्यावा लागतो.

कंपनीतून हॉट एअर गन आणली होती. टोकावर गरम हवा सोडली तर डिजिटल मीटरवर आकडे नुसते पळायला लागले. रेंज बदलतेय, आकडा उडतोय, मधेच ‘ओएल’, म्हणजे आवाक्याबाहेर, परत आकडा. खराबी आहे की मीटरच घाई करतंय, काही कळेना. तेव्हा तुझं मीटर काढलं.

टोकं एकमेकांना लावून आधी सुई शून्यावर आणली. ओहमची पट्टी उलटी, शून्य उजवीकडे, हे मला बॅटरी धरतानाच पाठ झालं होतं. मग हवा सोडली. काय सांगू तुला! सुई डावीकडून उठली आणि न अडखळता, एका चालीने, उजवीकडे सरकत गेली. पन्नास हजार, तीस, दहा. आणि एका जागी येऊन धाडकन डावीकडे आपटली. हवा बंद केली. थोड्या वेळाने सुई आपोआप उठली. पुन्हा हवा, पुन्हा तीच चाल, त्याच सुमारास तसंच आपटणं. आकड्यांत जे दिसत नव्हतं ते सुईने असं उघड दाखवलं.

मग जागा शोधली. नुसता प्लग तापवला, सुई ढिम्म. वायर इंचाइंचाने हलवून, वाकवून पाहिली, काही नाही. फक्त स्टीलच्या टोकावर हवा लागली की सुई पडायची. म्हणजे जोड आत, टोकाच्या पोटात सुटत होता. गार असताना चिकटलेला, धातू फुगला की लांब जाणारा.

तरीही बोर्डावरचा आरोप पुसल्याशिवाय मला चैन पडेना. बोर्डावर सेन्सरच्या प्लगची जागा रिकामी ठेवून, झाकण बसवून कन्व्हेक्शन लावलं. तोच कोड. परत विजेचा प्लग काढून, कंडेन्सर उतरवून सेन्सरच्या जागी एक लाख ओहमचा साधा रेझिस्टर जोडला, झाकण लावून चालू केलं. कोड नाही. बोर्ड समजला की भट्टी पंचवीस अंशांवर आहे आणि मुकाट कामाला लागला. लगेच बंद केलं. काही मेकॅनिक असा रेझिस्टर कायमचा ठोकून पैसे घेऊन जातात म्हणे. घरातल्यांच्या जिवाशी खेळ आहे तो. भट्टी कितीही तापली तरी बोर्डाला पंचवीसच अंश दिसणार, हीटर बंद होणारच नाही, मग सगळी भिस्त अति तापल्यावर वीज तोडणाऱ्या एका थर्मल कटआउटवर.

सेन्सर काही शे रुपयांत आला. दुकानदार म्हणाला, दहा हजारवाला आहे, तोही बसेल, प्लग सारखाच आहे. बसला असता, पण खोलीतल्या हवेलाही बोर्ड नव्वद अंशांच्या जवळची भट्टी समजला असता आणि नानकटाई कच्ची निघाली असती. तेव्हा पंचवीस अंशाचा आकडाही तोच हवा आणि उतरण्याची चालही तीच हवी. मिळाला. बसवला. जाळीवर ओव्हनचा थर्मामीटर ठेवून एकशे साठ लावले. हीटर चालू-बंद होत काटा त्याच्या आसपास राहिला. नानकटाई कशी झाली हे लेकीला विचार, मी तिच्या हातून ओढून घेतलेली एकच खाल्ली.

हे सगळं तुला फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू “बरं बरं” म्हणतोस आणि मामीकडे देतोस. दुकान बंद केलंस तेव्हाही असंच केलंस. आम्हाला कळलं ते शटरवर मोबाइलच्या कव्हरांचा बोर्ड लागल्यावर. थोरला पुण्यात, धाकटा विम्यात, दोघांनी इस्त्री हातात धरून किती वर्षं झाली असतील? मी दोघांना दोष देत नाही. त्यांना ते कधीच नको होतं, आणि हे मला अंधारात उभं राहूनही दिसत होतं. तुला दिसलं नाही? की दिसलं, पण दुकान भाचीला द्यायचं हे तुझ्या हिशेबात बसत नव्हतं? मी डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हा तू पेढे घेऊन आलास आणि पप्पांना म्हणालास, “हिला कुणी शिकवलं कोण जाणे.” मी तेव्हा हसले होते. मामा, तू शिकवलंस. न शिकवता शिकवलंस, तोंड फिरवून शिकवलंस, पण घरात मल्टिमीटर, भीती आणि शिस्त हे तिन्ही तुझ्याकडूनच आलंय. मी त्याबद्दल कधी नीट धन्यवाद दिले नाहीत, कारण तू स्वीकारशील असं वाटलं नाही. आता छापून देते. छापलेलं तुला “बरं बरं” म्हणून दुसऱ्याकडे देता येणार नाही.

आणि आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

इतकी वर्षं माळ्यावर पडलेलं मीटर पहिल्याच दिवशी कसं चाललं, याचं तुला नवल वाटलं नाही? सेल आत ठेवून मीटर विसरलं की सेल पाझरतात आणि पितळी पट्ट्या हिरव्या होऊन जातात. तुझ्या मीटरच्या पट्ट्या लखलखीत होत्या. आत सेल नव्हते. मामीने तू दुकान बंद केलंस त्याच आठवड्यात काढून ठेवले होते. दर दिवाळीच्या आवराआवरीत ती ते मीटर खाली काढते, पुसते, सुई टकटक करून बघते आणि परत फडक्यात गुंडाळून ठेवते. मला देताना म्हणाली, “ह्याला दोन जातीचे सेल लागतात, मोठ्या रेंजला चौकोनी.” हे तिला कुणी सांगितलं? दुकानाच्या काउंटरवर बसून तिने तुझी पावत्यांची वही लिहिली, गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकली, कोणता सेट कशाने आला हे तुझ्याआधी तिला कळायचं. तिने तर बॅटरीही धरली नव्हती.

तिचा मिक्सर सध्या ठिणग्या टाकतोय. तू म्हणालास, जुना झाला, नवीन आणू. तिच्या मते कार्बन ब्रश झिजलेत. माझ्याही मते तेच. तिला ते स्वतः बदलायचेत. हे ती मला म्हणाली, तुला म्हणाली नाही, आणि का म्हणाली नाही ते तुला मी सांगायला नको.

ब्रश मी कुरिअरने पाठवलेत. तिला स्क्रूड्रायव्हर दे, माळ्यावरची खोकी खाली काढून दे, आणि तू शेजारी स्टुलावर बस. तिने स्प्रिंग उलटी घातली तरी हात पुढे करायचा नाही, हसायचं नाही. जमेल? मिक्सर चालू झाला की मला फोन मामीने करायचा. तू नाही.

तुझी भाची